निळ्याआधी चॉकलेटी

भामा दाराला कुलूप लावायची ते बघायला मी मुद्दाम जिन्यात थांबायचे. आपण कसं, कुलूप दाबतो, किल्ली काढतो, चालायला लागतो आणि मग अर्ध्या रस्त्यातून परत येतो, लावलं का नाही बघायला. भामाचं तसं नव्हतं. कुलूप दाबायची. मग कान खाली नेऊन 'टक्' झालेलं ऐकायची. मग कुलूप मुठीत धरून एकदा खाली ओढायची. आणि हे सगळं करताना तोंडानं, देवाचं नाव घ्यावं तसं, "ढकल, ऐक, वढ." झालं. मग ती रहाटणी फाट्यापर्यंत मागं वळून बघायची नाही.

हे तिचं कंपनीतलं शिक्षण. चाकणला एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरींचं काम करायची. मला आधी वाटायचं, वायरमनसारखं काही असेल, खांबावर चढत असतील बाया. मग एकदा तिनंच समजावून सांगितलं.

"काकू, माणसाला नसा असत्यात का न्हाई? तशा गाडीला वायरी. दिवा, हॉर्न, काच वर-खाली, समदं त्यातनं चालतंय. आमी त्या नसांची जुडी बांधतो."

बोर्डावर वायरी मांडायच्या. एकेक वायर प्लॅस्टिकच्या डबीत, त्याला ते कनेक्टर म्हणतात, तिच्या ठरलेल्या भोकात ढकलायची. टक् ऐकायचं. ओढून बघायचं, सुटत नाही ना. शेवटी जुडीवर काळी टेप गुंडाळायची. दिवसभर हेच. आता हा नियम तिनं कंपनीत ठेवला असता तर गोष्ट वेगळी, पण तिनं तो घरभर लावला. गॅसची नळी, कुकरचं झाकण, साडीची पिन, सगळं ढकलून, ऐकून, ओढून. तिच्या मुलीच्या लग्नाचं बघत होते तेव्हा एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, घर स्वतःचं, बोलणं तर असं की साखर पडावी. सगळ्यांना पसंत. भामा म्हणाली, "ऐकून झालं. आता जरा वढून बघू." आणि एका गुरुवारी सकाळीच, न सांगता, एकटीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मुलगा एका बादलीवरून आईवर खेकसत होता म्हणे. भामा तिथं पाणी प्याली, परत आली आणि जिन्यातूनच मला म्हणाली, "सुटला."

ती मूळची चाकणच्या पलीकडच्या एका गावची. नवरा लवकर गेला, मुलीला घेऊन इकडं आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली ती राहिलीच. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. बांधा बारका, चाल भराभर, बोलणं गावचं, ते तिनं कधी बदललं नाही. तिच्या घरात काळ्या टेपनं गुंडाळलेली नाही अशी वस्तू सापडली नसती. केरसुणीची मूठ, उलथन्याचा दांडा, टीव्हीचा रिमोट, सगळ्याला टेप, आणि ती अशी गुंडाळलेली की एक वेढा दुसऱ्यावर बरोबर अर्धा चढलेला. ही टेप आपण काळेवाडीतल्या दुकानातून विकत आणलीय, कंपनीची नव्हे, हे ती कुणी न विचारता सांगायची.

अकरा वर्षं ती त्या कंपनीत होती, पण कंपनीची नव्हती. ठेकेदाराची होती. सात महिने काम, मग 'ब्रेक' म्हणून घरी बसवायचं, मग नवीन कार्ड, आणि अकरा वर्षांची बाई परत पहिल्या दिवसाची. तिला एकच हवं होतं, पर्मनंट व्हायचं. देवाकडं दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही. "पगाराचं जाऊ द्या काकू," म्हणायची, "पण दर ब्रेकनंतर गेटवरचा वॉचमन इचारतो, 'नवीन का?' ते सोसत न्हाई."

तर वायरींचा क्रम. एका कनेक्टरला बारा-पंधरा रंग, प्रत्येकाचं भोक ठरलेलं. नवीन पोरी आल्या की गांगरून जायच्या. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, पण हात कामात असताना कागद कोण बघणार? म्हणून भामानं तो क्रम पाढ्याच्या चालीवर बसवला होता. बे एके बे, बे दुणे चार आपण म्हणायचो ना, अगदी तस्सं. लाल, काळा, पांढरा, पिवळ्याला काळी रेघ... नवीन पोरगी आली की भामा तिला कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसवायची आणि चाकण येईपर्यंत पाढा पाठ. लाइनवर मग सगळ्या ओठातल्या ओठात तेच म्हणत वायरी घालायच्या. त्या पाढ्यात एवढी वर्षं कुणी चुकलं नव्हतं.

आता वरच्या मजल्यावरचं सांगते. तिथं तीन मुलं भाड्यानं राहायला आली. मुलं म्हणजे तिशीचे बाप्ये, तिघंही चाकणलाच कुठं कुठं नोकरीला. त्यांचा म्होरक्या सौरभ, लातूरकडचा, दाढीवाला, बोलायला गोड. आपल्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. गुरुवार उजाडला की वरून असा आवाज सुरू व्हायचा, जणू मिक्सरमध्ये खडेमीठ घातलंय आणि झाकण धरायला कोणी नाही. दाराला त्यांनी कागद चिकटवला होता, 'गुरुवार बंद'.

आमचे हे चष्मा वर करून वाचून आले. म्हणाले, "गुरुवारी बंद असतं, तर मग आवाज कसला येतो?"

सौरभ हसला. "काका, ते आमच्या बँडचं नाव आहे बगा. इंग्रजीत लिवलं की बंद पण आन बँड पण. रॉक वाजवतो आम्ही, पण ते टीव्हीवरच्यासारखं नव्हं. जरा आडवाटेचं."

"आडवाटेला जाऊनच वाजवा की मग," हे म्हणाले.

गुरुवार हा भामाचा झोपेचा एकुलता एक वार. दुपारी ती जी झोपायची ती चहालाच उठायची. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी तिनं पदर खोचला आणि वर निघाली. आम्ही चार बायका खाली कान लावून. आवाज थांबला. आम्ही एकमेकींकडं बघितलं, झालं काम. आणि मग आवाज परत सुरू! तासाभरानं ही खाली आली, चेहरा शांत.

"काय म्हणाले गं?"

"त्या ढोलवाल्याचा चौथा ठोका उशिरा पडत व्हता. सांगून आले."

"अगं, तू भांडायला गेली होतीस!"

"भांडले की. चौथ्या ठोक्यावरनंच."

तिच्या हाताला वेळ माहीत होती. किती सेकंदात एक वायर बसली पाहिजे, ते अकरा वर्षांत मनगटात मुरलेलं. कुणी अर्ध्या ठोक्यानं मागं राहिलं तर तिला ते दातात खडा आल्यासारखं व्हायचं. मग दर गुरुवारी झोप सोडून ती वर जायला लागली, मेथीची जुडी नाहीतर शेंगा घेऊन. ते वाजवायचे, ही निवडायची, मधेच "आता बरूबर" म्हणायची. आणि निवडता निवडता सवयीनं पाढा गुणगुणायची. सौरभनं तो ऐकला आणि गिटार खाली ठेवली.

"मावशी, हे काय म्हणायलात?"

"काही न्हाई. कामाचं हाय."

त्यानं ते गाण्यात मागितलं. भामा तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी वर जाऊन म्हणाली, "आवाज घ्या, नाव नगं." आणि म्हटलं तिनं. उभं राहून, हात मागं बांधून, शाळेत म्हणतात तसं.

पेढे घेऊन सौरभ आमच्याकडं आला. "काका, शुक्रवारी आमचं सिंगल यायलंय."

हे खूश झाले. "कुठं, फाट्यावर? बरं झालं बाबा, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो."

"सिग्नल नाही हो काका, सिंगल! म्हणजे एकच गाणं काढायचं."

"एकच? आमच्या वेळी कॅसेटमध्ये दहा असायची," असं म्हणत ह्यांनी दुसरा पेढा उचलला.

गाणं मी ऐकलं. खरं सांगते, पहिली दोन मिनिटं मला काही कळलं नाही. सौरभ ओरडत होता, कंपनीच्या बसमध्ये उभ्यानं झोपणाऱ्या माणसाबद्दल काहीतरी होतं. आणि मग सगळं एकदम थांबलं. नुसता ढोल, हळू. आणि त्यावर आमची भामा. लाल, काळा, पांढरा... कसला सूर नाही, आळवणं नाही, सरळ आवाज. हे पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली केला. माझ्या अंगावर काटा आला, का ते मला अजून सांगता येत नाही. वायरींचे रंग ते, त्यात काय होतं रडण्यासारखं?

मुंबई-पुण्याच्या लोकांनी ते किती ऐकलं, ठाऊक नाही. पण चाकणच्या बसमध्ये ते वाजायला लागलं. एकीच्या मोबाइलवरून दुसरीच्या, एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये. पोरी खिडकीच्या काचेवर बोटानं ठेका धरायच्या. भामा पुढच्या सीटवर गप्प बसायची. आवाज तिचा आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. आवाज ओळखीचा वाटतोय असं एकदोघी म्हणाल्या, तर ही म्हणाली, "आसंल कुणी रिकामटेकडी."

साधारण महिना झाला असेल. एका दुपारी पहिल्या पाळीवरून आली ती घरात गेलीच नाही, माझ्या दारापाशी जिन्यावर बसली. चप्पलसुद्धा काढली नाही. मी पाणी दिलं.

"काकू, लाइनवर घोळ झालाय."

तयार झालेली जुडी शेवटी एका टेबलावर जोडून बघतात. सगळं बरोबर असेल तर हिरवा दिवा. दोन दिवस तिथं तांबडा दिवा लागत होता. एकीची चूक असती तर गोष्ट वेगळी, पण आठ-दहा पोरींच्या जुड्या, आणि सगळ्यांची चूक तीच. पाचव्या भोकातली वायर सहाव्यात, सहाव्यातली पाचव्यात. इंजिनिअर आले, नकाशे बघितले, वायरींचे रोल बघितले, कुणाला काही उमगेना. शेवटी सगळ्यात नवीन होती ती मनीषा, परभणीकडची पोर, हिचंच बघून बाकीच्या चुकल्या असं ठरवलं आणि उद्यापासून तिला ब्रेक.

"मी तिच्या मागं जाऊन उभी ऱ्हायले," भामा म्हणाली. "पोर गाणं म्हणत व्हती. पाढा न्हाई, गाणं. गाण्यात चॉकलेटी आधी हाय आन मग निळा. खऱ्यात निळा आधी."

"मग गाण्यात उलटं कसं झालं? चुकलीस तू?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला चोर म्हटलंय. "मी चुकंन व्हय? मुद्दाम बदललं. कंपनीचा क्रम तो, बाहेर कसा द्यायचा? तीन दिवस त्योच इचार करत व्हते. म्हणलं दोन रंग उलटेपालटे करू, म्हंजी कंपनीचं कंपनीत ऱ्हाईल. मला काय ठावं, ह्या बया कंपनीत येऊन गाणंच म्हणतील!"

मला हसू आलं, आणि तिचा चेहरा बघून गिळलं. कारण पर्मनंटची यादी सोमवारी लागणार होती, आणि त्यात या वेळी भामाचं नाव आहे असं तिच्या लाइनच्या सुपरवायझरनं तिला दोनदा सांगितलं होतं.

मी काय म्हटलं ते लिहिते, लपवत नाही. म्हटलं, "भामा, कुणाला माहीताय आवाज तुझा आहे? गप्प राहा. पोरींना नीट सांग, चूक आपोआप थांबेल. सोमवार जाऊ दे. मनीषाला काय, दुसरीकडं मिळेल काम, वय आहे तिचं."

"व्हय," ती म्हणाली. मग उठली, कुलूप उघडलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिनं मला लसूण सोलता सोलता सांगितलं. सकाळी गेल्या गेल्या ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब तसे बरे. म्हणाली, "सायेब, मनीषाची चूक न्हाई. गाण्याची हाय. आन गाण्यात आवाज माझा हाय."

"साहेब काय म्हणाले?"

"मोबाइलवर गाणं लावलं. माझ्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं. म्हणले, 'भामाबाई, तुम्ही? आणि चुकीचं का म्हणालात, आठवलं नाही का?' लई लागलं काकू मला. म्हणलं, सायेब, गेटवर रोज आमचा डबा उघडून बघता तुमी. तोंड कुणी उघडून बघत न्हाई, म्हणून मीच बघितलं."

"अगं बाई! मग?"

"मग हसले जरा. म्हणले, 'हे बघा, गाण्याचं रिपोर्टात काय लिहू मी? ट्रेनिंगमधली चूक लिहितो.' म्हणलं, लिवा. पण ट्रेनिंग बी मीच दिलंय सायेब."

"हे कशाला सांगायचं गं तुला?"

"दिलं व्हतं की मीच," ती म्हणाली.

मनीषाचा ब्रेक रद्द झाला. लाइनवर पाटी लागली, 'कामाच्या जागी गाणे व गुणगुणणे यास सक्त मनाई आहे'. आता ज्यांचे हात पाढ्यावर चालतात त्यांची तोंडं बंद केल्यावर काय होणार? त्या आठवड्यात तांबडा दिवा आणखी जोरात लागला. निळा-चॉकलेटीच नाही, हिरवा, नारंगी, राखी, सगळेच भरकटले. चार दिवसांनी पाटी कुणी काढली ते कुणाला कळलं नाही. पोरी परत पाढा म्हणायला लागल्या, आणि दिवा हिरवा झाला.

सोमवारी यादी लागली. त्यात भामाचं नाव नव्हतं. का नाही, ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

संध्याकाळी मी तिच्याकडं थालीपीठ घेऊन गेले. तिनं ताट घेतलं, म्हणाली, "न्हाई आलं." माझ्या जिभेला हाड नाही, मी बोलून गेले, "मी सांगत होते तुला."

"तुमी बरूबरच सांगत व्हता काकू. आलं असतं माझं नाव. पण मग मी रोज वढून बघितलं असतं, आन ते रोज सुटलं असतं." मग थालीपिठाचा तुकडा मोडून म्हणाली, "तिखट झालंय वाईच."

सौरभला कळलं तेव्हा तो दोन दिवस खाली उतरला नाही. मग आला, भामाच्या दारात उभा. "मावशी, मी ते गाणं काढून टाकतो. नाहीतर क्रम दुरुस्त करून परत घेऊ, तुम्ही म्हणाल तसं."

"खुळा हायस का? दुरुस्त केलं म्हंजी खरा क्रम बाहेर गेला की. मग एवढं समदं कशापायी केलं? ऱ्हाऊ दे तसंच. आन ढोलवाल्याला सांग, दुसऱ्या कडव्यात परत मागं पडतोय."

सौरभ तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. भामानं त्याला चहा दिला आणि गुरुवारी शेंगा घेऊन वर गेली.

त्यानंतर दोन वर्षं तिनं तिथंच, तशीच, ब्रेक घेत घेत काम केलं. नव्या पोरींना आता दोन गोष्टी शिकवाव्या लागायच्या, आधी गाणं विसरायचं आणि मग पाढा पाठ करायचा. मग ठेकेदार बदलला. नव्याला कमी वयाच्या बाया हव्या होत्या. भामाचं कार्ड सातव्या महिन्यात संपलं ते परत निघालं नाही. मुलगी लग्न होऊन सुखात होती. भामानं सामान बांधायला काढलं, चाकणपलीकडं गावी भावाच्या शेजारी दोन खोल्या होत्या तिच्या, तिथं जायचं ठरलं. सामानाच्या खोक्यांना टेप कशी लावली होती ते सांगायला नको. गेली ती दीडएक महिन्यात, आणि मग फोनवरच बोलणं राहिलं, तेही आता माझ्या कानांमुळं कमी झालंय.

पण जायच्या आधीच्या आठवड्यात मी तिला बघितलं, ते सांगते. गुडघ्यांसाठी डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय, म्हणून मी पहाटे फाट्याकडं जाते. कंपनीची बस यायची वेळ. बायका डबे धरून उभ्या. आणि त्यांच्यात भामा, हातात डबा नाही, गळ्यात कार्ड नाही. तिला कामावरून काढून तेव्हा महिना होत आला होता. मी हाक मारणार होते, पण थांबले, कारण ती कामात होती. समोर एक नवी पोर, वेणी अजून ओली, डोळ्यांत झोप. भामा तिची बोटं धरून एकेका पेरावर रंग ठेवत होती. पोर अडखळायची, भामा परत पहिल्यापासून. बस आली, बाया चढल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोर चुळबुळायला लागली.

"जा, जा. पर पाच आन सहा सांगून जा."

"चॉकलेटी, मग निळा?"

"ते गाणं झालं!"

पोर जीभ चावत बसमध्ये चढली. दार बंद झालं, बस हलली. भामा रस्त्याच्या कडेनं तिच्या बरोबरीनं चालायला लागली, मग थोडी पळायला, खिडक्या बघत. तिसरी का चौथी काच सरकली आणि पोरीचं डोकं बाहेर आलं.

"मावशीऽऽ, निळा! आधी निळा!"

"आन मग?"

बसचा आवाज वाढला होता. पोरीनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. भामाला आलं असावं. ती थांबली, कमरेवर हात ठेवून तिनं दम घेतला, आणि बस वळणापलीकडं जाईपर्यंत तिकडं बघत उभी राहिली.